अस्मानीनंतरचा कौल

तुमच्या हातात घोड्याचा तोबरा दिला आहे. जाड चामड्याचा, तोंडाशी दोरी ओवलेला, तळाला चंदीचा जुना वास धरलेला. इसवी सन १४३० च्या आगेमागे, मावळ संपून वाईचा मुलूख लागतो तिथल्या एका खोऱ्यात तुम्ही उभे आहात. माप घेणं हे तुमचं काम.

बहमनी सुलतानाने इकडे दोन अधिकारी पाठवले आहेत. एक दादू नरसू काळे, दुसरा एक तुर्की खोजा. त्यांच्या पुढे फौज येऊन गेली. डोंगरी किल्ले धरून बसलेल्या पाळेगारांचा बंदोबस्त झाला, आता प्रश्न जमिनीचा आहे. काळे विचारतात, ‘‘गावची शीव कुठून कुठवर?’’ समोर बसलेल्या सात-आठ माणसांपैकी कोणीच बोलत नाही. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारासुद्धा या गावचा नाही, चार डोंगर पलीकडून आलेला आहे. पांढरीवर बोरी-बाभळी माजल्या आहेत. घरं कुठे होती ते फुटक्या रांजणांवरून ओळखायचं. ज्यांना शीव ठाऊक होती ते मेले किंवा परागंदा झाले आणि त्यांच्याबरोबर शीवही गेली.

शेवटी काळेच तोडगा काढतात. दोन-तीन गावांची जमीन एकत्र करून एक गाव बसवायचं. जो नांगर धरील त्याची जमीन. पहिल्या वर्षी सारा नाही. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य, बस्स. हा कौल. तुम्ही तोबरा वर करून दाखवता. लोक आधी तोबऱ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. एक जण उठून पुढे येतो, तोबऱ्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळ खरा आहे का ते चाचपतो. सरकारचं माप तपासल्याशिवाय मान्य करायचं नाही, एवढी अक्कल दुष्काळाने मारलेली नाही.

ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या तोबऱ्याची हकीकत दिली आहे. हवामान बिघडलं म्हणून राज्यं उलथली का, समाज ढवळले का, हा प्रश्न निघाला की बहुतेक लोक थेट दुष्काळाच्या मध्यावर जाऊन उभे राहतात. माझं म्हणणं, दुष्काळ ओसरल्यानंतरच्या दोन-चार वर्षांत जावं. खरी उलथापालथ तिथे बघायला मिळते. तरी आलाच आहात तर दुष्काळही बघून घ्या.

साल १३९६. दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू होतो तो हा. तो बारा वर्षं चालला, असं परंपरा सांगते. बारा वर्षं आभाळात ढग फिरकलाच नाही असं मात्र समजू नका. दोन सालं लागोपाठ बुडाली की बियाणं खाऊन संपतं, बैल मरतात किंवा विकले जातात. मग तिसऱ्या साली पाऊस अगदी वेळेवर आला तरी तो रिकाम्या शेतावर पडतो. दुष्काळाची वर्षं आणि अवर्षणाची वर्षं यांची संख्या सारखी नसते.

पाऊस खरंच कमी झाला होता का? याला साक्षीदार आहे, पण तो मावळातला नाही. इथून सुमारे नऊशे किलोमीटरवर, बस्तरच्या जंगलात दंडक नावाची गुहा आहे. गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर साचत खालून दगडी खुंट वर येतो. प्रत्येक थरात त्या काळच्या पावसाचा ऑक्सिजन अडकलेला असतो. मोसमी पाऊस जोमात असला तर त्यात हलका ऑक्सिजन जास्त सापडतो, पाऊस मंदावला की जड ऑक्सिजनचं प्रमाण चढतं. या खुंटाचा इसवी सन ६०० ते १५०० असा नऊ शतकांचा आलेख २००७ साली प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत त्यात दशकंच्या दशकं पाऊस अशक्त दिसतो, आणि दुर्गादेवीची वर्षं नेमकी त्या पट्ट्यात येतात. कंबोडियातल्या अंकोर या महानगराच्या पडझडीचा काळही साधारण हाच. तेव्हा अस्मानी खरी होती, यात शंका नको.

आता सुलतानी बघायला गुलबर्ग्याला चला. १३९७ या एकाच वर्षात बहमनी तख्तावर तीन सुलतान बसलेले तुम्हाला दिसतात. घियासुद्दीनचे डोळे काढले जातात, शमसुद्दीन येतो, तोही जातो आणि वर्षाच्या अखेरीस फिरोझशहा बसतो. कारण पाऊस? छे. तुघलचीन नावाच्या एका तुर्की सरदाराची महत्त्वाकांक्षा. दुष्काळाला तेव्हा जेमतेम सुरुवात झाली होती. केवळ तारखा शेजारी शेजारी मांडून ‘दुष्काळ पडला आणि तख्त हललं’ असं लिहिणाऱ्याला हे वर्ष हमखास फसवतं. उलट पुढे अहमदशहाच्या कारकिर्दीत पाऊस लांबला तेव्हा सुलतान स्वतः टेकडीवर जाऊन प्रार्थनेला बसला, पाऊस आला आणि लोक त्याला ‘वली’ म्हणू लागले, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. अवर्षणाने तख्त मोडण्याऐवजी पक्कंही होऊ शकतं. फक्त पाऊस योग्य दिवशी यायला हवा.

आता मावळात परत या आणि घाटमाथ्यावर उभे राहा. इथला भूगोल समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवर पुणं, तिथे सातशेच्या आसपास. आणखी पुढे दौंड, इंदापूर, तिथे त्याहूनही कमी. म्हणजे निम्मा पाऊस पडला तरी लोणावळ्यात ओढे वाहतात आणि इंदापुरात मात्र माणसं उठतात. मावळात दुष्काळ आभाळातून सहसा येत नाही, तो पूर्वेकडून वाटेने चालत येतो.

ही वाट जुनी आहे. दुसऱ्या शतकात कार्ल्याच्या लेण्याशी थांबलात तर चैत्याच्या छताला लावलेल्या सागवानी फासळ्या तुम्हाला नव्या दिसतील. आज जाल तरी त्या आहेत. बंदरावरचा माल बोरघाट चढून वर येतो आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिल्याचा लेख कोरला जातो. दान कोणासाठी? पंथाचा भेद न करता, जे जे इथे वर्षावास करतील त्यांच्यासाठी. थोड्याच वर्षांत क्षत्रपांचा पाडाव होतो, गौतमीपुत्र सातकर्णी येतो आणि तोही तेच गाव त्याच लेण्यातल्या भिक्षूंना नव्याने देतो. राजवट बदलली, युद्ध झालं, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांची सोय जशीच्या तशी राहिली. त्या बदलामागे पाऊस होता असं कोणी म्हणत नाही. भांडण बंदरांच्या जकातीचं आणि घाटवाटांचं होतं. हा सत्तापालट मुद्दाम दाखवला, कारण ज्या सत्तापालटांना हवामान लागलंच नाही त्यांची यादी कोणी करत नाही.

आता १६३०. इथे जरा जास्त थांबा.

फेब्रुवारीत शिवनेरीवर जिजाबाईंना मुलगा झाला आहे. जूनमध्ये यायचा पाऊस गुजरातेत आणि दख्खनवर आलेलाच नाही. अश्विन उजाडला आहे आणि तुम्ही इंद्रायणीच्या काठाने चालता आहात. नदी कुरवंड्याच्या बाजूने, लोणावळ्याजवळ उगवते आणि कार्ल्याखालून, वडगाव-तळेगावच्या अंगाने देहूकडे जाते. पात्रात पाणी आहे. काठच्या खाचरांत भात बेताचं, पण उभं आहे. तुम्हाला वाटतं, हे तर बरं चाललंय.

मग समोरून माणसं यायला लागतात. सुरुवातीला एखाददुसरं कुटुंब, मग ओळ लागते. गुरं नाहीत. एकाच्या खांद्यावर नुसतं जू आहे. बैल गेले तरी जू सोडवत नाही, कारण ते दाखवलं की शेतकरी म्हणून कोणी तरी उभं करील ही आशा. नाणे मावळाच्या बाजूला एका घराच्या ओसरीवर आजी नाचणीची आंबील ढवळते आहे. वाटसरूंना ती पळीपळीने वाढते, पण मडकं झाकून, आत किती उरलंय ते दिसू न देता. तुम्ही म्हणता, ‘‘आजी, तुमच्याकडे तरी पीक आहे.’’

‘‘पाऊस हितला, पर भाव तिकडचा,’’ ती म्हणते. ‘‘भात उभं हाय तंवरच वाण्याचा माणूस येऊन गेला. मागचं देणं हाय. आमी नाचणीच खातो.’’

तिने दोन-चार वाक्यांत सांगितलेलं समजायला पुढे अर्थशास्त्रज्ञांना तीन-साडेतीनशे वर्षं लागली. दुष्काळात धान्य नसतं असं नाही. ते हलतं, ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे जातं. पाऊस पडलेल्या गावातही माणूस उपाशी राहतो.

देहूला पोहोचता तेव्हा बाजारात एक दुकान बसलेलं आहे. दुकान मोऱ्यांचं. घराण्याकडे महाजनकी, सावकारीही. धनी तुकाराम, वय विशीच्या पुढचं. या दुष्काळात त्यांचं दिवाळं निघतं, पहिली पत्नी रखुमाई अन्न अन्न करत जाते, मुलगा संतोबा जातो. हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवलं आहे. पुढची गोष्ट महिपतींच्या चरित्रातून, परंपरेने आलेली: तुकारामांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. धाकटा भाऊ कान्होबा याने आपला वाटा ठेवला, तुकारामांनी आपला इंद्रायणीत सोडला. परंपरेची कथा म्हणून बाजूला सारू नका. काठावर उभे राहून बघा. कागद भिजतो, शाई पसरते, आणि कुठल्या तरी गावातल्या नाचणी खाणाऱ्या आजीचं ‘मागचं देणं’ वाहून जातं. फक्त अर्ध्यांचं. उरलेल्या अर्ध्यांची खतं कान्होबाच्या पेटीत आहेत.

पुण्याला जाऊ नका. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने गाव जाळलं आहे. गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकली, असं सांगतात.

दूर बुऱ्हाणपुरात शहाजहानचा तळ आहे. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो, की भाकरीच्या मोलाने जीव विकायला लोक तयार होते आणि घेणारा नव्हता. मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळली जात होती. बादशहाने लंगरं उघडली, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, मुलखाचा सत्तर लाखांचा महसूल माफ केला. सत्तर लाख ऐकून मान डोलावण्याआधी हेही ऐका, की ती सूट एकूण महसुलाच्या साधारण अकराव्या हिश्श्याची होती. उरलेले दहा हिस्से कोण देत होतं? आणि सगळ्यात मोठी धान्यखाऊ होती ती त्याच मुलखात लढणारी बादशहाची फौज. पुढच्या साली, १६३१ मध्ये, पाऊस आला तो अति आला आणि उरलंसुरलं वाहून गेलं. मागोमाग साथी आल्या.

अहमदनगरची निजामशाही १६३६ साली संपली. मग तिला दुष्काळाने संपवलं का? हिशोब मांडून बघा. तिचा वजीर मलिक अंबर वारला १६२६ साली. लखुजी जाधवांचा भर दरबारात खून झाला १६२९ साली. बादशहावर उठलेला खानजहान लोदी निजामशहाच्या आसऱ्याला आला तोही १६२९ सालीच. पाऊस चुकण्याआधी सगळे धागे तुटलेले होते. दुष्काळाने केलं ते एवढंच, की शाबूत असती तर सावरली असती अशी सत्ता सावरू दिली नाही. रिकाम्या गावांतून फौजेला दाणा मिळत नाही आणि पगार नसलेली फौज बाजू बदलते. शहाजीराजांनी त्या सहा वर्षांत जितक्या वेळा बाजू बदलली, तितक्या वेळा बदलायला त्यांना या ओसाड मुलखाने भाग पाडलं, असं मला वाटतं.

जेफ्री पार्कर या इतिहासकाराने २०१३ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून सतराव्या शतकातल्या जगभरच्या बंडाळ्या एका माळेत ओवल्या. पृथ्वी थंडावलेली, चीनमधलं मिंग घराणं १६४४ साली कोसळतं, इंग्लंडच्या राजाचं डोकं १६४९ साली उडतं, इकडे दख्खनमध्ये हाडांचं पीठ. लांबून बघितलं तर माळ पटते. देहूच्या बाजारात उभं राहिलं की पटत नाही, कारण तिथे एकाच पावसात एक भाऊ खतं बुडवतो आणि दुसरा ठेवतो.

सहा-सात वर्षं पुढे सरका. पुन्हा ओसाड गावं, पुन्हा कौल. या वेळी माप घेणारे दादोजी कोंडदेव आहेत. लांडगे इतके माजलेत की लांडगा मारून आणणाऱ्याला बक्षीस आहे. जमीन इस्ताव्याने लावली जाते: पहिल्या वर्षी नाममात्र, मग दरसाल थोडी थोडी चढत, पिकाला जोर येईल तसा सारा. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, एकेका खोऱ्याच्या देशमुखाला बोलावून विचारलं जातं, तुम्ही माणसं आणणार का? जो आणतो त्याचं वतन मान्य. जो अडतो त्याला दाबलं जातं. गतकुळांच्या, म्हणजे वंश बुडालेल्यांच्या जमिनी नव्या माणसांच्या नावावर चढतात.

इथे बारकाईने बघा, कारण मला जे दाखवायचंय ते हेच. जुनी सत्ता दुष्काळाने पाडली की फौजेने, हा वाद चालू द्या. नवी सत्ता कुठे उगवली ते या कौलात दिसतं. रिकामी जमीन आणि भटकी माणसं यांची गाठ जो आपल्या शब्दावर घालून देतो, त्याच्याकडे माणसं राहतात आणि पुढे त्याच्याबरोबर लढायलाही जातात. शिवाजी महाराजांनी हे तंत्र पुढे नेलं. नव्या रयतेला गुरं द्यावीत, बियाण्याला दाणा-पैका द्यावा, तो दोन-चार वर्षांत ऐपत बघून उगवून घ्यावा, असं त्यांचं धोरण सभासदाने नोंदवलं आहे. १६५७ च्या सुमारास लोहगड स्वराज्यात आला तेव्हा त्याच्या पायथ्याची गावं पुरती एक पिढीही जुनी नव्हती. दुष्काळाने स्वराज्य घडवलं असं कोणी म्हटलं तर ते मूर्खपणाचं ठरेल. पण दुष्काळानंतरच्या कौलाशिवाय मावळ्यांची ती पिढी तिथे असती का, हे विचारायला हरकत नाही.

एक लांब उडी मारू. तीन हजार वर्षांमागे, याच जिल्ह्यात, घोड नदीकाठी इनामगाव. मातीच्या घरांचं सुखी गाव, प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार, नदीचं पाणी वळवणारा कालवा. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमाराला चित्र बदलतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, गहू मागे पडतो, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढते, आणि सातशेच्या सुमाराला गाव मोकळं होतं. डेक्कन कॉलेजच्या उत्खननानंतर म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढता कोरडेपणा असं सांगितलं. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या सांगाड्यांचा, विशेषतः लहान मुलांच्या हाडांचा, नव्याने अभ्यास केला आणि इतकं सरळ नातं लावायला हरकत घेतली. इनामगावात उभे राहून तुम्ही कोणाला विचारणार? तिथे लेख नाही, अभंग नाही, कर्जखत नाही. लिहिलेलं काही नसलं की सगळा दोष पावसावर टाकणं सोपं जातं.

पुढचे मुक्काम भराभर घेऊ. १७०३, पुण्यात औरंगजेबाची छावणी. आदल्या पावसाळ्यात विशाळगडाहून परतताना याच फौजेची चिखलात, पुरात वाताहत झालेली. १७०२ ते १७०४ या वर्षांत दख्खनमध्ये वीस लाखांवर माणसं मेली, असा प्रवासी मनुचीचा अंदाज. आकडा जपून घ्या, पण अवर्षण, साथ आणि वीस वर्षांचं युद्ध एकावर एक पडलं होतं हे खरं. गंमत अशी, की यात खचली ती धान्यासाठी लांबच्या सुभ्यांवर अवलंबून असलेली बादशाही. ताराबाईंच्या फौजांना जपायला राजधानीच नव्हती.

१७७९ चा जानेवारी. मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली आहे. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडतो, ज्याला मराठे कौतुकाने इष्टुर फाकडा म्हणत. तळेगावापर्यंत येईतो मराठ्यांनी वैरण आणि दाणा जाळून टाकलेला. माघार घेताना इंग्रज जड तोफा तळ्यात लोटतात आणि जानेवारीच्या मध्याला वडगावचा तह होतो. हा दुष्काळ तेवढ्या पट्ट्यापुरता, हाताने पाडलेला होता. आभाळाचा त्यात हात नाही.

१८०३ ला लोहगडावर चढा. गडावर नाना फडणविसांची विधवा जिऊबाई, किल्लेदार धोंडो बल्लाळ निजसुऱ्यांच्या आश्रयाने राहते आहे. नानांनी बांधलेल्या तळ्यात पाणी भरपूर आहे. खाली वाटेवर मात्र पुन्हा तीच ओळ, या वेळी घाट उतरून पनवेल-मुंबईकडे निघालेली. परतीचा पाऊस चुकला आहे, पण मोडलं ते आधीच. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांनी पुणं जिंकलं, फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी उभी पिकं नेली, बाजीरावांनी ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांचा पदर धरला. इथे क्रम उलटा आहे: आधी राज्य मोडलं, मग दुष्काळ पडला. चांगल्या राजवटीतही तो परतीचा पाऊस चुकला असता, पण तेव्हा गावोगावच्या पेवांत धान्य असतं.

१८७७. आता बोरघाटातून आगगाडी वर येते. तो मार्ग १८६३ साली सुरू झाला. तुमच्याकडे पैसे असतील तर गाडीने आलेलं धान्य मिळेल. नसतील तर दुष्काळी कामावर खडी फोडा. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. हा ‘टेंपल पगार’ लागू झाल्यावर कामावरचे मजूर उपाशीपोटी संपावर गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडून सरकारला कागदावर कागद पाठवले. वासुदेव बळवंत फडके फौजेच्या हिशोब खात्यात कारकून. मुलूख फिरून हे सगळं बघतात आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला दरोडा पडतो. त्यांना पकडलं जातं त्याच वर्षी जुलैत. वेळ लक्षात घ्या. बंड दुष्काळाच्या ऐन भरात उठलं नाही, तो ओसरताना उठलं. उपाशी माणूस बंड करत नाही, तो चालत सुटतो. आणि दख्खनमधला सावकारांविरुद्धचा मोठा उठाव, सुप्याचा, झाला १२ मे १८७५ रोजी, दुष्काळाच्या आदल्या वर्षी. त्याच्यामागे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव होते.

इंग्रजांचं राज्य या दुष्काळाने पडलं नाही. त्यातून निघाली ती १८८० ची दुष्काळ आयोगाची शिफारस आणि पुढची दुष्काळ संहिता. तसंच १९७२ ला. महाराष्ट्र होरपळला, सरकार पडलं नाही, पण वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला. मागेल त्याला काम, हाही एक कौलच. या दोन्ही खेपांना पावसाने राज्य बदललं नाही. राज्याने रयतेला द्यायचा शब्द बदलला, आणि तोही रयतेने नाक दाबल्यावर.

शेवटचा मुक्काम फार जुना नाही. मावळात पडणारं पाणी आता मावळात थांबत नाही. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरोता इथे अडवलेलं पाणी १९१५ पासून घाटाखाली खोपोलीला वीज करून पश्चिमेला जातं. पवनेचं पाणी पूर्वेला पिंपरी-चिंचवडला. ते पाणी धरणातून थेट बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी पवन मावळातले शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्या वर्षी दुष्काळ नव्हता.